घंटा, आकाश आणि गृहस्थ

नवे घर बांधून झाल्यावर किंवा जुन्या घराची डागडुजी काढल्यावर गृहस्थ आज वायरमनला बोलावून ज्या दोन गोष्टींची तजवीज आधी करून घेतो, त्या म्हणजे दारावरच्या घंटेची तार आणि घरभर पोचणाऱ्या वायफायची जोडणी. आणि या दोन्ही कामांकडे आपण इतक्या निव्वळ सोयीच्या दृष्टीने पाहतो, की त्यांच्या पोटात धर्मविचाराचा एक फार जुना आणि कठीण प्रश्न दडलेला आहे, याची जाणीव सहसा कोणाला होत नाही. दाराशी येऊन हाक देणाऱ्या माणसाचे गृहस्थ नेमके काय देणे लागतो, आणि त्या हाकेला ओ देण्यापूर्वी, स्वतः अदृश्य राहून, त्याला न्याहाळण्याचा अधिकार घरधन्याला कोठून मिळतो, हा तो प्रश्न होय.

त्याचा विचार मी वायफायपासून आरंभितो, कारण बोलणाऱ्याने ऐकलेही पाहिजे, हे परस्परतेचे तत्त्व तेथे निर्विवादपणे सिद्ध होते. शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण मानणाऱ्या न्याय-वैशेषिक दार्शनिकांनी तो कानापर्यंत कसा पोचतो याच्या दोन उपपत्ती सांगितल्या: लाटेमागून लाट उठत जावी तसा वीचीतरंगन्यायाने, किंवा कदंबाची कळी सर्व अंगांनी एकदम उमलावी तसा कदंबमुकुलन्यायाने. वायफायचे रेडिओतरंग म्हणजे शब्द नव्हे, हे खरे; ध्वनीला हवेचा आधार लागतो आणि या तरंगांना तोही लागत नाही; परंतु छताला लावलेल्या ॲक्सेस पॉइंटपासून, म्हणजे वायफाय पसरवणाऱ्या यंत्रापासून, ते चहूंकडे पसरतात ते कदंबाच्याच रीतीने, आणि घराची हद्द कोणती व शेजाऱ्याची कोणती, याची दखल ते घेत नाहीत. भिंतीची दखल मात्र त्यांना घ्यावीच लागते. 2.4 गिगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर आणि 5 गिगाहर्ट्झच्या तरंगाची सुमारे सहा. यांतला दुसरा माहिती अधिक वेगाने नेतो खरा, पण पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या हातभर जाडीच्या भिंतीपुढे किंवा नव्या इमारतीच्या सळ्या घातलेल्या स्लॅबपुढे तो लवकर हतबल होतो. मग ओटीवर ठेवलेल्या राउटरची माजघरात काही मात्रा चालत नाही, आणि तक्रारी सुरू होतात.

अशा वेळी यंत्राची प्रक्षेपणशक्ती वाढवून घेण्याकडे सर्वसाधारण मनुष्याचा कल असतो, आणि तो कल चुकीचा आहे. यंत्र मोठ्याने बोलू लागले म्हणून हातातल्या फोनचा आवाज मोठा होत नाही. यंत्राचे बोलणे फोनपर्यंत पोचते, पण फोनचे क्षीण उत्तर भिंतींतून परत येईपर्यंत विरून जाते, आणि पडद्यावर संकेताच्या सर्व रेघा भरलेल्या असूनही पान काही उघडत नाही. जाणता कारागीर म्हणून शक्ती माफक ठेवतो, घरात दोन-तीन ठिकाणी ॲक्सेस पॉइंट बसवतो, आणि प्रत्येकापर्यंत स्वतंत्र केबल ओढतो. या केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असून प्रत्येक जोडीला वेगळा पीळ दिलेला असतो, जेणेकरून बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडून निष्प्रभ व्हावा. शंभर मीटरपर्यंत ती निर्धास्त चालते, आणि 2003 साली ठरलेल्या मानकाप्रमाणे तीच केबल संदेशासोबत पंधरा वॅटपर्यंत वीजही पोचवते. यांतली प्रत्येक तजवीज केवळ दूरवर बोलता यावे म्हणून नव्हे, तर दुसऱ्याचे ऐकू यावे म्हणून केलेली आहे. इतकेच काय, वायफायच्या नियमांतच हे कलम घातलेले आहे की प्रत्येक यंत्राने बोलण्यापूर्वी कानोसा घ्यावा, आणि दुसरे कोणी बोलत असल्यास थांबावे. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या प्रायः 1, 6 आणि 11 या तीनच. त्या आपल्या एकट्याच्या मालकीच्या नसून साऱ्या आळीच्या वहिवाटीच्या आहेत, आणि आपला आवाज अकारण चढवणारा गृहस्थ शेजाऱ्याच्या वाट्याचे आकाश अडवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

घंटा आणि तरंग यांचे नाते तसे जुने आहे. अमेरिकेतील ऑल्बनी येथे जोसेफ हेन्री यांनी 1831 साली मैलाहून अधिक लांब तारेच्या टोकाशी विद्युच्चुंबकाने घंटा वाजवून दाखवली. आणि त्या शतकाच्या अखेरच्या दशकात कोलकात्यात जगदीशचंद्र बसूंनी तारेवाचून, भिंतीआडून, मिलिमीटर लांबीच्या तरंगांनी दूरची घंटा वाजवली. तारेने असो वा तरंगाने, दूरच्या माणसाची हाक आपल्यापर्यंत पोचवावी, हीच मानवाच्या बुद्धीची धडपड होती. हाक पोचल्यावर काय करावे, हे मात्र विज्ञानाने सांगायचे नसते. ते धर्माने सांगायचे असते, आणि आपल्याकडे ते निःसंदिग्ध शब्दांत सांगितलेले आहे.

विष्णुपुराणात गृहस्थाला असा दंडक घालून दिला आहे की, नित्यकर्मे आटोपल्यावर त्याने अंगणात येऊन एक गाय दोहण्यास लागेल इतका वेळ अतिथीची प्रतीक्षा करावी, आणि अतिथी आल्यास त्याचे गोत्र, कुल, अध्ययन यांची चौकशी न करता त्याला हिरण्यगर्भ मानून त्याचा सत्कार करावा. कठोपनिषदाने तर याहून धीट गोष्ट सांगितली. वाजश्रवसाचा पुत्र नचिकेता यमाच्या घरी गेला तेव्हा यम घरी नव्हता, आणि तो मुलगा तीन रात्री उपाशी राहिला. परत आलेल्या यमाने, ज्याच्यापुढे साऱ्या जगाने हात जोडावेत त्याने, त्या मुलाची क्षमा मागितली आणि एकेका रात्रीबद्दल एकेक वर दिला. मृत्यूच्या रहस्याचे सारे विवेचन, म्हणजे त्या उपनिषदाचा गाभाच, गृहस्थाच्या या ऋणातून जन्माला आला. दाराशी कोणी तिष्ठत राहिले, याचा जाब यमालाही द्यावा लागतो, तेथे तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या बिऱ्हाडाची काय कथा!

आता कॅमेरा असलेली घंटा घ्या. बटण दाबणारा मनुष्य जिन्यात उभा आहे. आतला मनुष्य पडद्यावर त्याचा चेहरा, त्याचे कपडे, त्याच्या हातातली पिशवी निरखतो आहे, आणि वाटल्यास श्वासही न ऐकू देता तो जाईपर्यंत बसून राहतो. वेदान्तातला साक्षीही पाहतो आणि दिसत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु साक्षीला दृश्यातून काही घ्यायचे नसते आणि काही टाळायचेही नसते, म्हणूनच त्याचे पाहणे निर्लेप असते. पडद्यामागच्या गृहस्थाला मात्र निवड करायची असते, आणि ती निवड तो बाह्य रूपावरून करतो. रूपावरून आणि कुळावरून दाराशी माणसे पारखण्याचे पाप आपल्या समाजाने शतकानुशतके केले आहे, त्या पुराणातला दंडक पाठ असतानाही केले आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांना पंढरीच्या मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर आहे. आणि ते दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांसाठी उघडावे म्हणून 1947 साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. हा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याने, उघडण्यापूर्वीच माणूस तोलणारे यंत्र आपल्या चौकटीवर बसवताना, हात थोडा आखडावा, असे मला मनापासून वाटते.

याचा अर्थ कॅमेरा निषिद्ध ठरवावा, असा नव्हे. घरात एकटी राहणारी वृद्ध स्त्री, दुपारी शाळेतून परतून एकटे राहणारे मूल, यांच्या बाबतीत दार सताड उघडण्याचा उपदेश करणे म्हणजे त्यांच्या जिवावर आपला धर्म साधणे होय. गुडघेदुखीने खिळलेल्या माणसाला तर हेच यंत्र ओ देण्याचे साधन आहे. दार न उघडण्याचा अधिकार गृहस्थाला आहे. उत्तर न देण्याचा नाही. हाक देणाऱ्याला आपले ऐकले गेले हे कळले पाहिजे, मग उत्तर नकाराचे का असेना.

तेव्हा घंटेचा पॉइंट काढतानाच काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. आपल्याकडची नेहमीची घंटा थेट 230 व्होल्टवर चालते आणि परदेशी धाटणीच्या तारेवरच्या कॅमेरा-घंटांना बहुधा 16 ते 24 व्होल्ट लागतात, म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा. संदेशाची केबल विजेच्या तारेच्या पाइपातून ओढू नये. ज्या यंत्रात दोन्ही बाजूंनी बोलण्याची सोय नाही ते, कितीही स्वस्त असले तरी, घेऊ नये. बटण मुलाच्या हाताला पोचेल इतक्या उंचीवर असावे, आणि कॅमेऱ्याचा रोख आपल्या उंबरठ्यापुरताच असावा. समोरच्या बिऱ्हाडाचे दार त्याच्या चौकटीत येत असेल तर कॅमेरा वळवून घ्यावा, आणि वळवूनही येत असेल तर तो काढून साधी घंटा लावावी, कारण त्या घरातले कोण केव्हा गेले आणि केव्हा परतले याचे दफ्तर ठेवण्याची सनद आपल्याला कोणी दिलेली नाही.