उंचावरच्या घराचं देणं

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की कोल्हापूर जिल्ह्यात घरोघरी फोन वाजू लागतात. सातपैकी किती दरवाजे उघडले, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं, याची खबर शाळकरी पोरंही ठेवतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ साली पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ साली ५६ फुटांच्याही वर. एवढं सगळं पाठ असलेली माणसंसुद्धा घर सोडायची वेळ आली की हाताला लागेल ते उचलतात. मोबाइल, देवघरातले टाक, पोरांचे दोन कपडे. रक्तदाबाच्या गोळ्या कपाटावरच राहतात आणि सातबाऱ्याची फाइल पलंगाखाली.

‘तयारीची पिशवी दाराशी ठेवा’ असं प्रशासन दर पावसाळ्यात सांगतं. सांगणं बरोबरच आहे. पण दाराशी ठेवलेली पिशवी दारासकट बुडते. २२ जुलै २०२१च्या पहाटे चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी इतक्या झपाट्याने चढलं की लोकांना पिशवीपर्यंत पोचायलाही उसंत मिळाली नाही. तिथले एसटीचे आगारप्रमुख आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर चढले आणि कित्येक तास भर पाण्यात तिथेच बसून राहिले. त्यांच्या कर्तव्यबुद्धीपुढे हात जोडावेत. पण त्या पाण्यात एका माणसाच्या हातून वाचून वाचून किती वाचणार? एक पिशवी. दुसरी वाचायची असेल, तर ती आधीच पाण्याच्या पल्ल्याबाहेर असायला हवी.

म्हणूनच मला नदीकाठच्या काही घरांची जुनी रीत फार मोलाची वाटते. पावसाळ्याआधी गरजेपुरतं सामान उंचावरच्या पाहुण्याकडे नेऊन ठेवायचं. शिरोळ तालुक्यातल्या माझ्या ओळखीच्या एक काकू दर मे महिन्यात पत्र्याची एक ट्रंक जयसिंगपूरला बहिणीकडे पोचवतात. ती उघडलेली मी पाहिली आहे. वर जुनं चादर-पांघरूण. त्याखाली घरातल्या प्रत्येकाचे दोन-दोन कपडे, आतल्या कपड्यांसकट. सॅनिटरी पॅडची दोन पाकिटं. काकांचा जुना चष्मा, नंबर थोडा कमी असलेला, पण चालण्यासारखा. पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. काकांना इन्सुलिन लागतं, ते काही ट्रंकेत टिकत नाही, म्हणून त्याचं नाव आणि मात्रा चिठ्ठीवर ठळक लिहिलेली. टॉर्च, काडेपेट्या, मेणबत्त्या. प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा, घरपट्टीची पावती, सगळ्याच्या प्रती. मागच्या वर्षीच्या गोळ्या त्या ट्रंक नेताना काढून घेतात, घरी वापरून टाकतात आणि नव्या ठेवतात. डिजिलॉकरमध्ये कागद असतात हे त्यांना ठाऊक आहे. पण मोबाइल भिजला किंवा टॉवर बंद पडला की पंचनाम्याच्या वेळी हातात काहीतरी लागतंच, हेही त्यांनी पुरात शिकून घेतलं आहे.

या ट्रंकेत मला सगळ्यात मोठी दिसते ती आब. २०१९च्या पुरानंतर महाराष्ट्रभरातून मदतीचा ओघ आला आणि त्याबरोबर वापरलेल्या कपड्यांचे ढीगही आले. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. पण आयुष्यभर स्वतःच्या रानात राबलेल्या बाईने निवारा केंद्रात रांगेत उभं राहून अनोळखी माणसाकडे पॅड मागायचं, हे तिच्या जिवाला किती लागतं याचा विचार त्या ढिगात कुठे होता? स्वतःचे कपडे अंगावर असले, स्वतःच्या गोळ्या हातात असल्या, की माणूस पूरग्रस्त असूनही पाहुणाच राहतो. शिवाय तो ज्या रांगेत उभा राहत नाही, तिथे दुसऱ्या कुणाचा तरी नंबर लवकर लागतो.

बोटीचंही तेच. ८ ऑगस्ट २०१९ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली आणि बाहेर पडू पाहणारी माणसं बुडाली. ती आठवण कृष्णाकाठावरून पुसली जाणार नाही. शेवटच्या घटकेला बोटीत जो चढतो, त्याच्यासाठी जागा फक्त जिवापुरती असते. बोचकं आधीच पलीकडे गेलेलं असेल, तर त्या जागी आणखी एक माणूस बसतो.

आता उंचावरच्या घराकडे येऊ. या गोष्टीचा खरा भार त्या घरावर आहे. ट्रंक ठेवायला जागा मागणं जड जातं. आपली अडगळ पाहुण्याच्या घरात कशाला, असं वाटतं. पूर येईलच असं धरून चालणं अभद्र आहे, असंही घरातली वडीलधारी म्हणतात. म्हणून मागणारा मागत नाही आणि देणारा सुचवत नाही. माझ्या मते सुचवण्याची जबाबदारी उंचावरच्याची आहे. ज्याचं घर कोरडं राहणार, त्याला मागण्याचा संकोच नसतो. आणि त्याचं घर कोरडं राहतं ते बहुतेक वेळा त्याच्या वाडवडिलांना माळावर जागा मिळाली म्हणून. त्यात त्याची स्वतःची कमाई थोडी आणि योगायोग जास्त.

कोरड्या घराचेही हाल होतात, हे मात्र विसरता कामा नये. २०१९ला आणि २०२१लाही पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. दूध, भाजी, पेट्रोल येईना. उपसा केंद्रंच बुडाल्याने कोल्हापूर शहराचे नळ कोरडे पडले. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. अशा घरात आठ-दहा माणसं येऊन टेकली, तर यजमानीण किती पुरी पडणार? म्हणून ट्रंकेबरोबर एक पिंप तांदूळ-डाळ, तेल, मीठ, साखर-चहापत्ती आणि पिण्याच्या पाण्यासाठी झाकणाचे रिकामे कॅन ठेवणं हे स्वतःच्या सोयीइतकंच यजमानाच्या सोयीचं आहे. पाणी ४० फुटांच्या आसपास आलं की त्या घरच्यांनी कॅन भरून ठेवायचे, एवढं ठरलं की पुरे.

आणि हे धान्य कुणाचं? समजा, आपल्याआधी भलतंच कुणी बिऱ्हाड त्या दाराशी आलं. पोरं उपाशी आहेत. यजमानीण आपण ठेवलेलं पिंप उघडेल का? तिने ते उघडावं आणि आपण तिला तसं मे महिन्यातच सांगून ठेवावं. कागद आणि औषधं आपली, त्यांना हात लावायचा नाही. डाळ-तांदूळ जो आधी पोचेल त्याचे. हे आधी बोललेलं नसेल, तर ती बिचारी धर्मसंकटात पडते. बोललेलं असेल, तर तिचा हात मोकळा होतो.

जनावरांचा प्रश्न याहून अवघड आहे. पुरात माणसं मागे राहतात ती कितीदा तरी गोठ्यासाठी. म्हैस दाव्याला असताना मालकाचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही आणि एनडीआरएफच्या बोटीत म्हैस चढवता येत नाही. करवीर तालुक्यातल्या चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना १९८९च्या महापुरानंतर सोनतळीला उंचावर जागा देण्यात आल्या. जुनं गाव, रान, गोठा सुटत नाही म्हणून कित्येकजण खालीच राहतात, पण पाणी वाढू लागलं की जनावरं हाकत सोनतळी गाठतात. गुरं तिथे पोचल्यावर खायला काय घालायचं? पुरात हिरवी वैरण मिळत नाही, रान पाण्याखाली असतं. मुरघासाची बंद पिशवी फाटली नाही तर कित्येक महिने टिकते. चार-पाच पिशव्या आणि कडब्याची लहानशी गंज ताडपत्रीखाली माळावर आधी गेली, तर धनी वेळेवर दावं सोडेल. त्याचा जीव वाचण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग तोच आहे.

पण सगळ्यांना असा पाहुणा नसतो. नदीकाठच्या काळ्या रानाच्या गावांची सोयरीक बऱ्याचदा नदीकाठच्याच गावांशी असते. लेकीचं सासर आणि आईचं माहेर एकाच दिवशी पाण्यात जातं. नदीकडेच्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्याला तर माळावर कुणी नात्याचं नसतंच. अशांसाठी दूध संस्थेची एक खोली, गणेश मंडळाचं शेड, शाळेचा बंद वर्ग जून ते सप्टेंबर एवढ्यापुरता मोकळा करून द्यावा. प्रत्येक ट्रंकेवर नाव लिहावं, वहीत नोंद करावी, किल्ली दोन माणसांकडे ठेवावी. याला सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही.

मृग नक्षत्राला अजून थोडा अवकाश आहे. ज्यांचं घर उंचावर आहे, त्यांना माझी विनंती आहे. या रविवारी नदीकाठच्या आपल्या पाहुण्याला, जुन्या शेजाऱ्याला, शेतात कामाला येणाऱ्या बाईला स्वतःहून फोन करा आणि सांगा, तुमचं गरजेचं सामान आमच्याकडे आणून ठेवा, कोपरा रिकामा केलाय.