लोखंडाचे पाप-पुण्य

वाल्याचा वाल्मीकी झाला ही कथा आपल्याला इतकी प्रिय आहे, की माणसांत वाल्मीकी सापडेनासे झाले म्हणजे आपण ते वस्तूंत शोधू लागतो. लष्करातून निवृत्त झालेली एखादी गाडी पुरात अडकलेल्या लोकांना काठावर आणते, तिचे छायाचित्र छापून येते, आणि खालचा मजकूर असा असतो की जणू त्या गाडीने पूर्वायुष्याचे प्रायश्चित्तच घेतले आहे. वाचणाऱ्याला बरे वाटते. मलाही वाटते. पण या बरे वाटण्याची मला थोडी धास्ती आहे. कादंबरीत खलपुरुषाचे हृदयपरिवर्तन जिथे फार सहज जमते, तिथे लेखकाने काहीतरी लबाडी केलेली असते. म्हणून अशाच एका गाडीची हकिगत जरा सावकाशीने सांगावी म्हणतो.

तिचे नाव वीझल. वीझल म्हणजे मुंगसासारखा एक लहानखुरा, चपळ प्राणी. 1942 साली लॉर्ड माउंटबॅटन यांच्या हाताखाली (हेच माउंटबॅटन पुढे आपल्याकडे शेवटचे व्हाइसरॉय म्हणून आले) जेफ्री पाइक नावाचा एक विक्षिप्त इंग्रज काम करीत होता. जर्मनांनी व्यापलेल्या नॉर्वेत, बर्फावरून धावणाऱ्या हलक्या गाड्यांसह मूठभर सैनिक उतरवावेत, त्यांनी तिथली जलविद्युत केंद्रे उडवावीत, आणि त्यांच्या बंदोबस्तात जर्मनांची मोठी फौज अडकून पडावी, अशी त्याची कल्पना. गाडी घडवण्याचे काम अमेरिकेतल्या स्टुडबेकर कंपनीकडे गेले. या बेताचे गुप्त नाव होते 'प्लाऊ', म्हणजे नांगर! तलवारी मोडून नांगर घडवण्याचे स्वप्न बायबलात आहे. इथे युद्धाने नांगराचे नावच उचलून नेले होते.

गाडी मात्र नामी झाली. बर्फात चाक रुतते, कारण सारे वजन चार ठिकाणी टेकते. आपल्याकडे चिखलातून जायचे तर माणूस फळी टाकतो. पट्ट्याची गाडी म्हणजे आपली फळी आपणच पुढे अंथरीत आणि मागून उचलीत जाणारी गाडी. रस्त्याच्या कामावरचा पोकलेन याच युक्तीने चालतो. वीझलचे पट्टे रुंद, अंग हलके, आणि इंजिन स्टुडबेकरच्याच एका घरगुती मोटारीचे. जमिनीवर तिचा दाब चौरस इंचाला जेमतेम दोन पौंड पडे, म्हणजे माणसाच्या पावलापेक्षाही कमी. जिथे शिपाई गुडघाभर रुतेल तिथून ही गाडी शिपायांना घेऊन निघून जाई.

आणि मग नॉर्वेच्याच लोकांनी नको म्हटले. लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या त्यांच्या सरकारचे म्हणणे सरळ होते : ही वीजकेंद्रे उडाली तर जर्मन आज ना उद्या जातील, पण अंधारात आमचीच माणसे बसतील. 1942 सरायच्या आत बेत बारगळला. ज्या एका कामासाठी गाडी जन्मली ते काम तिने कधी केलेच नाही. तरी कारखाना चालू राहिला. युद्ध संपेपर्यंत सुमारे 15,000 वीझल बाहेर पडल्या. 1944 साली हॉलंडमधल्या बुडवलेल्या वाल्खरेन बेटावर, 1945 साली इवोजिमाच्या राखेत त्या धावल्या. दारूगोळा वाहिला, तारा टाकल्या, आणि जखमींना चिखलातून बाहेर काढले. हे शेवटचे काम लक्षात ठेवण्याजोगे आहे. माणसे वाचवणे ती युद्ध संपल्यावर शिकली असे नव्हे.

युद्ध संपले आणि या गाड्या भंगाराच्या भावाने मिळू लागल्या. पॉल-एमिल व्हिक्टर या फ्रेंच संशोधकाने 1948 पासून त्या ग्रीनलंडच्या बर्फावर नेल्या. हिमाच्या पठारावर सुरुंगाचे लहान बार उडवून, त्यांचे प्रतिध्वनी मोजून, खाली बर्फ किती खोल आहे ते त्याच्या माणसांनी शोधले. मध्यभागी ती खोली तीन हजार मीटरांच्या घरात निघाली. नॉर्वे, ब्रिटन आणि स्वीडन यांची संयुक्त मोहीम 1949 ते 1952 या काळात अंटार्क्टिकावर होती. तिच्यापाशीही वीझल होत्या, आणि मोहिमेचा नेता नॉर्वेचा होता! नॉर्वेतली वीजकेंद्रे उडवायला घडवलेली गाडी नॉर्वेच्या माणसाच्या हुकमतीत बर्फाची खोली मोजीत निघाली. कादंबरीत लिहिले असते तर संपादकांनी 'फार जुळवून आणले आहे' म्हणून परत पाठवले असते.

कथा इथे संपवली तर वाल्मीकी तयार आहे. पण 1951 च्या फेब्रुवारीत, त्याच मोहिमेतली एक वीझल धुक्यात बर्फाच्या कडेवरून समुद्रात गेली. आत चौघे होते. तिघे बुडाले. चौथा पोहत एका तरंगत्या हिमखंडावर चढला आणि पुढे साथीदारांनी त्याला लहान होडीतून परत आणले. गाडी शांततेच्या कामावर होती, माणसे निरपराध होती. आता हे कोणाच्या खात्यावर मांडायचे?

सुरीने भाजीही चिरते आणि गळाही, हा दाखला मी वर्गात कितीदा दिला असेल! तो खोटा नाही, पण इथे पुरत नाही. सुरी घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गळा नसतो. पाइकच्या डोळ्यांपुढे मात्र उडालेली वीजकेंद्रे स्पष्ट होती. हेतू होता; पण तो पाइकपाशी होता, माउंटबॅटनपाशी होता, पैसे मंजूर करणाऱ्यांपाशी होता. पट्ट्यात तो कुठेच नव्हता. पट्ट्याला ठाऊक होते ते एवढेच, की वजन पसरले म्हणजे रुतायचे नाही. हा गुण दोन्ही जन्मांत एकच राहिला, म्हणून मी याला पुनर्जन्म म्हणायला तयार नाही. वाल्याला पश्चात्ताप झाला. गाडीचा फक्त मालक बदलला. आणि पश्चात्ताप करण्याची पाळी ज्यांची, ती माणसे गाडीचे छायाचित्र पाहून समाधान मानतात, हीच मला खरी अडचण वाटते.

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक सहकारी आहेत. मधल्या सुट्टीत मी हे बोललो तेव्हा ते म्हणाले, "सर, तुम्ही भावनेच्या बाजूने जाता. युद्ध झाले नसते तर ही गाडीच झाली नसती. विज्ञानाने युद्धाचे आभार मानले पाहिजेत."

हे पुष्कळांना वाटते, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. पट्टा युद्धाने शोधलेला नाही. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळ दलदलीच्या शेतात ट्रॅक्टरची चाके रुतत, म्हणून बेंजामिन होल्ट याने 1904 साली चाकांच्या जागी पट्टे बसवून पाहिले. पुढे पहिल्या महायुद्धात त्याच्या ट्रॅक्टरांनी तोफा ओढल्या, त्यांच्याकडे पाहून रणगाड्याची कल्पना सुचली, आणि 1916 साली रणगाडे सोमच्या लढाईत उतरले. म्हणजे पट्टा मुळात शेतकऱ्याचा. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात वाल्कूर नावाचे गाव आहे. तिथे जोझेफ-आर्मां बोंबार्दिए हा गॅरेजवाला लहानपणापासून बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या मागे लागला होता. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आंत्रपुच्छाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाने बुजलेले, रुग्णालयापर्यंत नेता आले नाही, मूल गेले. त्यानंतर या माणसाने ध्यास सोडला नाही, आणि 1937 साली त्याची पट्ट्याची बंद गाडी विक्रीला आली. डॉक्टर, टपाल, शाळेची मुले तिच्यातून जाऊ लागली. मग महायुद्ध आले आणि सैन्याने त्याच्याकडूनही गाड्या करून घेतल्या. तेव्हा पहिला जन्म कोणता आणि दुसरा कोणता?

सहकाऱ्यांनी हे ऐकून घेतले, आणि मग जे म्हणाले त्याला माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते. ते म्हणाले, "पण त्या बापाच्या गाड्या किती आणि सैन्याच्या किती?"

खरे आहे. कल्पना बापाची असते, संख्या सैन्याची असते. दोन-तीन वर्षांत 15,000 गाड्या कोणत्याही संशोधन संस्थेने मागितल्या नसत्या आणि कोणत्याही संसदेने दिल्या नसत्या. हे आजही बदललेले नाही. स्वीडनच्या हेग्लुंड्स कारखान्याची बीव्ही 206 ही दोन डब्यांची, रबरी पट्ट्यांची, पाण्यात तरंगणारी गाडी 1980 च्या सुमारास तिथल्या सैन्यासाठी बनू लागली. आजवर अकरा हजारांवर झाल्या. अंटार्क्टिकातल्या तळांवर त्या आहेत, ब्रिटनमधल्या काही अग्निशमन दलांकडे पुरासाठी आणि माळावरच्या वणव्यांसाठी आहेत. पण पहिली मागणी सैन्याची. सोव्हिएत संघाची 'खारकोव्हचान्का' घ्या. टी-54 रणगाड्याच्या सांगाड्यावरून तोफा ओढणारा ट्रॅक्टर झाला, त्याच्यावर पस्तीस टनांचे फिरते घर उभे राहिले; इंजिनाची दुरुस्ती आत बसूनच करता यावी, इतका विचार केलेला. अशा दोन गाड्या डिसेंबर 1959 मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचल्या. ज्या खारकोव्ह शहरात त्या घडल्या, त्याच्यावर 2022 पासून तोफा-क्षेपणास्त्रे पडत आहेत.

संख्येचा हा मुद्दा मी मान्य करतो. आभार मात्र मानत नाही. 15,000 गाड्यांचे पैसे युद्धाने आपल्या खिशातून दिले नव्हते. ते करदात्यांचे होते. ज्यांची मुले इटलीत आणि इवोजिमावर गेली त्या घरांचे होते. तीच माणसे, तोच पैसा. शत्रूच्या भयाने थैली सुटली, शेजाऱ्याच्या आजारी पोरासाठी सुटली नाही, एवढाच फरक. व्हिक्टरच्या माणसांवर ऋण असेल तर ते त्या घरांचे आहे.

आणि शेतकऱ्याचे यंत्र अगदीच लंगडे असते असेही नाही. एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर, पट्टे चढवलेल्या शेतीच्या ट्रॅक्टरांवर. फर्ग्युसन हे नाव आपल्याही शेतकऱ्यांच्या तोंडचे. त्यांच्याबरोबर एक वीझलही निघाली होती. ती वाटेतच सोडून द्यावी लागली. हे मी सहकाऱ्यांना सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "एका गाडीवरून काय ठरते?" काहीच ठरत नाही, मला आपला आनंद झाला.

पण वाल्कूरची हकिगत मी त्यांना पुरती सांगितली नव्हती. थैली सुटतच नाही असे नाही. मूल गेल्यानंतर चौदा वर्षांनी, 1948 साली, क्वेबेकच्या सरकारने खेड्यापाड्यांचे रस्तेसुद्धा हिवाळाभर बर्फ काढून मोकळे ठेवायचे ठरवले. त्यासाठी कुठले युद्ध व्हावे लागले नाही. रस्ते उघडे राहू लागले, साध्या मोटारी रुग्णालयापर्यंत जाऊ लागल्या, आणि एका वर्षात बोंबार्दिएच्या गाड्यांचा खप जवळजवळ निम्म्यावर आला.