दामदुपटीचा काळ

कर्नाटकाच्या सीमेलगत, सोलापूर-वाडी लोहमार्गावरील दुधनीच्या धान्यबाजारात तुरीच्या राशींपुढे मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांत जो हिशेब चालतो, तो बहुतांशी साध्या बेरीज-गुणाकाराचा असतो. परंतु गुणाकाराचे एक भयंकर रूप या मुलुखातील कुणब्याने शाळेचे तोंड न पाहताही ओळखले होते, आणि ते म्हणजे चक्रवाढ. पेरणीस नेलेले पोते सुगीला सव्वापट होऊन परत करावयाचे ती सवाई, दीडपट ती दिढी. फेड चुकली की वाढावाही मुद्दलात जमा होई, आणि सवाईचे एक पोते दुसऱ्या सुगीला १.५६, तिसऱ्या सुगीला १.९५ व चौथ्या सुगीला २.४४ पोती होई.

धर्मशास्त्राने दामदुपटीचा निर्बंध घालून व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करू नये असे ठरविले खरे. परंतु सावकार जुने खत रद्द करून व्याजासकट नवे लिहून घेई, आणि मर्यादेची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. मे १८७५ मध्ये सुपे येथील दंग्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतेच जाळली, यात मला अविचारापेक्षा हिशेबाची अचूक जाण दिसते. पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या जिल्ह्यांना लागू झालेल्या १८७९ च्या कायद्याने न्यायालयास खतामागे जाऊन व्यवहाराची आरंभापासून चौकशी करावयास लावली, मुद्दल व व्याज यांची खाती वेगळी केली, आणि वक्ररेषेने चढणारे कर्ज सरळ रेषेवर आणले.

मग उलट प्रश्न उरतो: दाम दुप्पट होण्यास किती सुग्या लागतात? नेपिअरने १६१४ साली ज्योतिर्विदांचे प्रदीर्घ गुणाकार सुलभ करण्यासाठी जे लॉगॅरिदम प्रसिद्ध केले, त्यांच्या आजच्या दशमान कोष्टकात २ चा अंक ०.३०१० आणि १.२५ चा ०.०९६९ सापडतो; पहिल्यास दुसऱ्याने भागले की उत्तर ३.१ सुग्या. विद्यार्थ्यास कोष्टक हाती देण्यापूर्वी हा प्रश्न द्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

कारण या विचाराची एक मुळी आपल्याकडेही आहे. राष्ट्रकूट काळात, इ.स. ८१६ मध्ये, पूर्ण झालेल्या ‘धवला’ टीकेत वीरसेनाचार्यांनी एखादी संख्या एक उरेपर्यंत किती वेळा निम्मी करता येते, त्या गणनेस अर्धच्छेद म्हटले आहे. ३२ चे अर्धच्छेद ५, आणि दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही तेथे आहे. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतके राहिलेला हा ग्रंथ हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून १९३९ पासून छापला जाऊ लागला.

निम्मे होण्याची हीच मोजणी विसाव्या शतकात किरणोत्सर्गी द्रव्यांच्या क्षयास लागू पडली. कर्करोगाच्या उपचारात वापरला जाणारा कोबाल्ट-६० सुमारे ५.२७ वर्षांत निम्मा होतो. तीन अर्धच्छेदांनंतर, म्हणजे पावणेसोळा वर्षांच्या सुमारास, मूळ साठ्याचा अष्टमांश शिल्लक राहतो, आणि तितक्याच मात्रेसाठी रुग्णाला यंत्राखाली आठपट वेळ ठेवावे लागते.