पाहणाऱ्याचे उत्तरदायित्व

एखाद्याची वाढ जाणून घेण्यासाठी त्याला किती त्रास द्यावा, हा प्रश्न नीतिशास्त्राचा खरा. परंतु वनस्पतिशास्त्रात त्याचे रूप विशेष स्पष्ट दिसते.

पूर्वी कोंबाचे पातळ काप काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. कापलेला कोंब पुढे वाढत नसे. म्हणून निरनिराळ्या वयाच्या कोंबांचे काप क्रमाने मांडून एका कोंबाचे चरित्र रचावे लागे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांच्या क्रेस्कोग्राफ यंत्राच्या तरफा रोपाची सूक्ष्म वाढ सुमारे १०,००० पट मोठी करून काजळी धरलेल्या काचेवर नोंदवीत. रोप जिवंत राही; मात्र आतल्या पेशी दिसत नसत.

ही उणीव पुढे भरून निघाली. जेलीफिशमधील चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाचे जनुक रोपात घालून, लेसरच्या प्रकाशात जिवंत पेशी पाहता येऊ लागल्या. या प्रथिनाच्या शोधाला व विकासाला २००८ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याआधीच, २००४ साली, कॅलिफोर्नियात वेणुगोपाल रेड्डी, मेयरोविट्झ आदी संशोधकांनी ॲराबिडॉप्सिस या रोपाचा तोच तो शेंडा ठरावीक अंतराने पाहून पेशींच्या वंशावळीचा माग घेतला. मध्यभागी पेशींचे विभाजन सावकाश, कडेला जलद, असे आढळले. हे रोप मोहरीच्या कुळातले. आमच्या भिंड-मुरैना भागात हिवाळ्यात शेते पिवळी करणाऱ्या सरसोंचे आप्तच.

परंतु प्रकाशही निरुपद्रवी नसतो. तीव्र लेसर वारंवार पडला, तर पेशींना इजा होते, वाढ मंदावते. मग दिसते ती वाढ रोपाची की आपल्या पाहण्याची, हे सांगता येत नाही. म्हणून जाणता संशोधक प्रकाश मोजून वापरतो आणि शेजारी न पाहिलेले रोप तुलनेसाठी ठेवतो.

हा संयम निव्वळ दयेपोटी नाही, सत्यासाठीही आहे. शासकीय सेवेत आम्ही पाहिले आहे की, रोज तपासणी होणारे कार्यालय काम सोडून तपासणीचीच तयारी करू लागते. घरातील मुलांचेही तसेच. लक्ष ठेवू नये, असे आमचे म्हणणे नाही. लक्ष न दिल्यास रोपही सुकते. मात्र ज्याला खरे जाणायचे आहे, त्याने आपल्या नजरेचा भार हिशेबात धरला पाहिजे. ज्ञानाचा अधिकार या उत्तरदायित्वासहच मिळतो, असे आम्हांस वाटते.