सत्कृत्य कोणासाठी?

मरणोत्तर केलेले सत्कृत्य माणसाच्या पदरी जमा होते काय? आमच्या ईशज्ञानाचे उत्तर रोखठोक आहे : पुण्यसंपादनाची मुदत मृत्यूबरोबर संपते. हॉलिवूडने मात्र १९३७ साली ‘टॉपर’ या विनोदी चित्रपटात ती हसत हसत वाढवून दिली.

थॉर्न स्मिथ यांच्या १९२६ च्या कादंबरीवर तो आधारलेला. जॉर्ज आणि मॅरियन कर्बी हे खुशालचेंडू, धनाढ्य दांपत्य मोटार-अपघातात ठार होते. आपल्या खाती एकही सत्कृत्य नाही, हे त्यांना तेव्हा उमगते. मग कॉस्मो टॉपर या बँकेच्या अध्यक्षाला, घड्याळाच्या काट्यावर आणि पत्नीच्या धाकात जगणाऱ्या सद्गृहस्थाला, ‘मोकळे’ करण्याचा विडा ते उचलतात. अदृश्य भुतांनी दोन्हीकडून सावरलेला मद्यधुंद टॉपर रोलंड यंग यांनी असा काही उभा केला आहे की, त्यांना मिळालेले ऑस्करचे नामांकन यथोचितच वाटते.

पण टॉपरला विचारले कोणी? त्याचे कल्याण हे कर्बींच्या स्वर्गप्रवेशाचे शुल्क. दानपेटीजवळ आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेबी परोपकार काही परका नाही!

‘टॉपर टेक्स अ ट्रिप’ (१९३८) हा पुढील भाग विनोदात उणा आहे. अदृश्यतेच्या त्याच गमती पुन्हा येतात, आणि केरी ग्रँट यांचा जॉर्ज जुन्या दृश्यांपुरताच उरला आहे. नैतिकदृष्ट्या मात्र तो अधिक प्रामाणिक. श्रीमती टॉपर घटस्फोटासाठी न्यायालयात गेल्या आहेत, आणि एक संसार मोडल्यामुळे मॅरियन स्वर्गाबाहेरच तिष्ठत आहे.

कृत्याचे परिणाम कर्त्याच्या माथी किती मारावेत, याचा ऊहापोह संत थॉमस अक्वायनस यांनी केला आहे. आधी ओळखलेला परिणाम त्याच्या हिशेबात येतो. न ओळखलेला, परंतु त्या कृत्यातून सहसा उद्भवणाराही येतो. निव्वळ योगायोगाने घडलेला येत नाही. विवाहित पुरुषाला परस्त्रीने, मग ती भूत का असेना, मौजमजेला नेले आणि घरात वादळ उठले, तर तो योगायोग कसा म्हणावा? स्वर्गाचा निवाडा मला तरी अन्यायाचा वाटत नाही.

म्हणून मॅरियन फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत टॉपरच्या पाठीशी येते. हेतू अजून स्वार्थाचाच, हे खरे. परंतु आता कार्यसिद्धी म्हणजे त्याला त्याच्या पत्नीच्या हाती देऊन आपण निघून जाणे. पहिल्या सत्कृत्यात तिला काहीच सोडावे लागले नव्हते.

‘टॉपर रिटर्न्स’ (१९४१) मध्ये कर्बी नाहीतच. जोन ब्लाँडेल यांनी साकारलेली, खून झालेली तरुणी टॉपरकडे येते ती आपला खुनी शोधून मागायला. त्याच्या कल्याणाची भाषा ती करीत नाही. टॉपर कुरकुरत का होईना, तिच्याबरोबर निघतो.