फुलकोबीचा मळा आणि कार्तिकीची वारी

वारी चुकवू नये, हा वारकऱ्याचा पहिला नेम. गळ्यात माळ पडली त्या दिवशी तो घेतलेला असतो आणि देहात प्राण आहे तोवर चालवायचा असतो. याविषयी शंकेला जागा नाही. परंतु प्रपंचात एका नेमापुढे दुसरे कर्तव्य येऊन उभे राहते, तेथे मात्र विचार करावा लागतो. परभणी जिल्ह्यात गोदाकाठच्या एका गावी सप्ताहात असाच प्रश्न आमच्यापुढे आला. प्रश्न माळव्याचा होता म्हणून कोणी तो हलका समजू नये.

काल्याचे कीर्तन आटोपून पंगत बसायची होती. तेवढ्यात एक माळकरी बागाईतदार जवळ येऊन म्हणाला, "महाराज, अर्धा एकर फ्लॉवर लावलाय. ऐन कार्तिकीला गड्डा तयार होतो. चार दिवस पंढरीला गेलो की इस्कटला, मग त्याला कोण घेतंय? सावता महाराज तर मळा सोडून कधी गेले नाहीत म्हणतात. मग मी राहिलो तर दोष हाय का?"

ज्यांनी फुलकोबी ताटातच पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. श्रावणात गादीवाफ्यावर बी टाकतात, चार-पाच आठवड्यांचे रोप भाद्रपदात सरीवर लावतात, आणि हळव्या जातीचा गड्डा कार्तिकात हाती येतो. आपण ज्याला फूल म्हणतो ते खरे पाहता उमललेले फूल नव्हेच. फुलाचे असंख्य कोवळे देठ उमलण्यापूर्वी थांबून एकत्र घट्ट बसलेले असतात, तो हा गड्डा. ही थांबलेली अवस्था थोडे दिवसच टिकते. वेळेवर कापला तर तो पांढरा आणि घट्ट. राहिला तर सुटा होतो, त्यावर लव येते आणि पुढे दांडे वर निघून पिवळी फुले लागतात. शिवाय ऊन लागले की तो पिवळा पडतो. म्हणून गड्डा मुठीएवढा झाला की माळी भोवतालची पाने मोडून त्यावर झाकतो आणि रोज पान उचलून आत पाहतो. तेव्हा त्या गृहस्थाने विचारले ती सबब नव्हती. पीक कोणासाठी थांबत नाही.

ही भाजी सावतोबांनी पाहिली नव्हती. ती आपल्या देशात इ. स. 1822 मध्ये सहारणपूरच्या कंपनी बागेत आली, आणि सावतोबा तर शके 1217 मध्ये, म्हणजे इ. स. 1295 साली, समाधिस्थ झाले. पण त्याने काय बिघडते? त्यांच्या प्रसिद्ध अभंगात मिरची गायिली जाते, आणि मिरची पोर्तुगिजांबरोबर आली असे पंडित सांगतात. पंडितांनी खुशाल वाद घालावा. वारकऱ्याने ती मिरची अभंगातून उपटून टाकलेली नाही. मळ्यात जे नवे उगवेल ते विठ्ठलाच्या नावावर चढते.

आता मूळ प्रश्न. अरणचे सावतोबा मळा सोडून पंढरीस गेले नाहीत, अशी परंपरा आहे. इतर संतांच्या पालख्या आषाढीला पंढरीस येतात. सावतोबांच्या पुण्यतिथीला आषाढ वद्यात पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते. याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंचे तेच. जात्यावरून त्या उठल्या नाहीत, देवच दळू लागला. तेव्हा विहित कर्म सुटत नसेल तर देव कर्माच्या जागी येतो, ही सवलत संप्रदायाने दिली आहे यात संशय नाही.

मात्र न्यायशास्त्रात अर्धकुक्कुटी नावाचा एक दृष्टांत आहे. (वारकऱ्यांच्या मासिकात कोंबडीचे नाव नको होते, पण शास्त्रकारांनी तेच घेतले आहे.) अर्धी कोंबडी शिजवावी आणि अर्धी अंड्यांसाठी ठेवावी, असे कोणाला करता येत नाही. सावतोबांचेही तसेच आहे. त्यांचे घरी राहणे घ्यायचे तर त्यांचा मळाही घ्यावा लागतो, आणि त्यांच्या मळ्यात विठोबावाचून दुसरे पीकच नव्हते.

आम्ही त्या गृहस्थास विचारले, "घरी कोणता फ्लॉवर खाता?" तो सहज बोलून गेला, "घरासाठी कडंच्या दोन सऱ्या येगळ्या ठेवल्यात महाराज. त्याच्यावर औषध मारत नाही."

हे एकट्या त्याचे नव्हे. बागाईत मुलखात गावोगाव अशा दोन सऱ्या आहेत. लेकराबाळांची भाजी निराळी आणि बाजाराची निराळी. संध्याकाळी फवारायचे आणि पहाटे कापून टेम्पोत भरायचे! फुलकोबीचा गड्डा घड्याघड्यांचा. आत मुरलेले धुण्याने पुरते जात नाही. खाणारा परभणीच्या बाजारातला कोणी अनोळखी, म्हणून तो विठ्ठल नव्हे काय? विटेवरचा तरी आपली ओळख कोणाला आधी पटवून उभा आहे? मळा पंढरी असेल तर त्यातली भाजी नैवेद्य झाली, आणि नैवेद्यात विष कालवून वर नामस्मरण करणे याला आमच्याजवळ सौम्य शब्द नाही. भूतमात्रात भगवंत हा सिद्धांत गीतेत पाठ करणे सोपे आहे. तो दोन सऱ्यांच्या मध्ये अडतो.

सगळा दोष माळ्याच्या माथी मारणारे आम्ही नव्हे. गिऱ्हाइकाला गड्डा बर्फासारखा पांढरा हवा, एक अळी दिसली की माल परत. भाव कोसळला की काढणीची मजुरी निघत नाही, उभ्या पिकात नांगर घालावा लागतो. अशा माणसाला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक ऐकवून गप्प बसविणारे कीर्तनकार हल्ली पुष्कळ झाले आहेत. स्वतःची बिदागी मात्र ते आधी ठरवून घेतात. घामाचा दाम मागू नको असे भगवंतांनी कोठेही म्हटलेले नाही. फळावर हक्क गाजवून कर्म नासवू नये, एवढाच तेथे अभिप्राय आहे. आणि भाव पडला म्हणून खाणाऱ्याच्या जिवावर उठणे हेच ते नासवणे.

उपाय नाहीत असेही नाही. चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे ओढला जातो, म्हणून मळ्यात मोहरीच्या ओळी लावतात. शंभर लिटर पाण्यास पाच किलो निंबोळीचा अर्क करता येतो, आणि निंब मराठवाड्यात दारोदार आहे. फवारणे भागच असेल तर डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहावा. लाल म्हणजे जहाल, त्यानंतर पिवळा, निळा, हिरवा अशी उतरती भाजणी. शेवटच्या फवाऱ्यानंतर किती दिवस कापणी करू नये हे सोबतच्या पत्रकात छापलेले असते. तो काळ एकादशीच्या उपासासारखा कडक पाळावा. पोराकडून वाचून घ्यावे; दुकानदाराच्या शब्दावर राहू नये. 1972 पासून परभणीतच कृषी विद्यापीठ आहे, तेथे विचारावे.

आता वारीचे. राहण्याची मुभा आहे, पण ती शेवटची. लावणी पंधरा दिवस पुढे ढकलली तर गड्डा पौर्णिमेनंतर येतो आणि कार्तिकी साधते. नाहीतर दोन शेजाऱ्यांनी पाळी धरावी. एकाने यंदा जावे, दुसऱ्याने त्याचा गड्डा कापून बाजारात पोचवावा. पुढच्या वर्षी उलट. आपल्याकडे इर्जिकीची चाल होतीच. तेही जमेना, तर एकादशीला मळ्यातच उपास, बांधावर हरिपाठ, आणि सगळ्या सऱ्यांना एकच नियम. कार्तिकी हुकली तर माघी आहेच. तोवर फ्लॉवरचे रान मोकळे होऊन उन्हाळी भेंडी टाकायची वेळ आलेली असते. बी टाकावे, पाणी द्यावे, आणि ते उगवून येईतो पंढरी करून यावे. माघीला गर्दीही थोडी कमी असते.