नाक कोणाचे?

माझी एक जुनी विद्यार्थिनी परवा संभाजीनगरच्या घरी भेटावयास आली. लग्न ठरेना म्हणून तिने नाकात सिलिकॉनची पट्टी बसवून घेतली होती. पट्टी सरकली, शेंड्याची कातडी विरली, पू झाला. आता ती काढून तिच्याच बरगडीच्या कूर्चेने नाक पुन्हा उभारावयाचे आहे. ‘हौसेचे भोग!’ मी मनात म्हटले, आणि मला कावसजी आठवला.

इंग्रजी फौजेचा हा गाडीवान १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती लागला. त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्यानजीक विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याच्याच कपाळाची कातडी वळवून नाक घडविले. १७९४ साली ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आली.

कावसजीची कीव येते. या मुलीला मात्र आपण दोष देतो. पण तिला ‘नकटी’ म्हणाले कोण? पाहावयास आलेले पाहुणे, शेजारीपाजारी. आणि वर्ग हसला तेव्हा गप्प बसलेला मी. सुरीखाली ती आपखुशीने गेली खरी. सुरीला धार आम्ही लावली.

निघताना ती म्हणाली, “सर, मी मूर्खपणा केला ना?”

मी म्हणालो, “पहिला मी केला.”